मोठ्याने बोलून द्यायचं औषध

नर्स म्हटलं की लोकांना बाळंतपणं आठवतात. या अंकाच्या संपादकांनीही पत्रात तेच लिहिलं होतं, की तुमच्या हातून जन्मलेल्या मुलांच्या आठवणी लिहा. मी त्यांना उलट टपाली कळवलं, की बाळंतपणात कष्ट आईचे असतात आणि नाव नर्सचं होतं. त्यावर फुशारकी मारणं मला जमायचं नाही. त्यापेक्षा जन्मानंतर दोन-तीन वर्षांनी जी मुलं माझ्याकडे परत येत, त्यांच्याबद्दल लिहीन. ती चालत, पळत, डब्यातला गूळ चोरून खात, पण बोलत नसत.

हल्ली मोठ्या शहरांत अशा मुलांना बघणारी वेगळी शिकलेली माणसं असतात म्हणे. माझी नोकरी झाली तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताच्या कारभारात होता आणि आमच्या बदल्यांचे हुकूम नागपुराहून निघत. मेहकर तालुक्यातल्या एका मोठ्या गावी सरकारी दवाखान्यात मी बरीच वर्षं काढली. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ज्या घराबद्दल लिहिणार आहे ते घर अजून तिथे नांदतं आहे. दवाखान्यात एक डॉक्टर, एक कंपाउंडर आणि मी. डॉक्टरसाहेब हिवताप, विंचू आणि कुऱ्हाडीच्या जखमा यांतून डोकं वर काढत नसत. मूल बोलत नाही हा त्यांच्या लेखी आजारच नव्हता. "बाई, हे तुम्ही बघा," म्हणून ते मोकळे होत. नागपूरला मलाही यातलं एक अक्षर शिकवलेलं नव्हतं. फरक इतकाच, की मला पुढे ढकलायला कोणी नव्हतं.

आया माझ्याकडे यायच्या त्या सगळं करून झाल्यावर. वेखंड मधात उगाळून चाटवलेलं असायचं. पोपटाने उष्टावलेला पेरू खायला घातलेला असायचा. देवळातल्या घंटेत पाणी ओतून ते पाजलेलं असायचं. यातल्या कशाने कोणाचं वाईट झालेलं मी पाहिलं नाही, म्हणून मी कधी नाक मुरडलं नाही. मला भीती होती ती एकाच उपायाची. जिभेखाली एक पातळ पडदा असतो. तो आखूड असला की जीभ अडकते आणि मूल बोलत नाही, अशी समजूत होती. तो कापणारा एक म्हातारा बाजाराच्या दिवशी गावोगाव फिरत असे. लोक त्याला दोरेवाला म्हणत. नखाएवढं पातं, चिमूटभर हळद, आणि काम झालं. खरोखर आखूड पडदा शंभरात एखाद्याचा. पण दोरेवाल्याला सगळ्यांचेच आखूड दिसत.

गंगू नावाची अडीच वर्षांची मुलगी होती. तिची आई एका बाजाराच्या दिवशी आली. ओसरी रोग्यांनी भरलेली, माझा हात एका गळवावर. मी मुलीचं तोंड उघडून पाहिलं, सगळं ठीक होतं. म्हटलं, "बोलेल, घाई करू नका. थांबा थोडं." आई मान हलवून गेली. तिच्या जागी मी असते तर मीही थांबले नसते. चार दिवसांनी तिला बैलगाडीतून आणलं, तोंड सुजलेलं आणि अंग तव्यासारखं तापलेलं. डॉक्टरसाहेबांनी हात टेकले. तिसऱ्या दिवशी ती गेली. दोरेवाल्याचा राग मला आलाच, पण स्वतःचा जास्त आला, आणि तो अजून गेलेला नाही. 'थांबा' हे बरोबरच होतं, पण ते कोणाला घरी नेता येत नाही. दवाखान्यातून माणसाला काहीतरी हातात घेऊन जावं लागतं.

तेव्हापासून मी बाटली द्यायला लागले. बडीशेपेचा अर्क, साखर आणि पाणी. दवाखान्याच्या बाटलीला डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवलेली असे, तीसुद्धा मी नीट कातरून लावायची. औषध म्हणजे ती बाटली नव्हे. ती देताना जे करायला सांगायची ते औषध. बाटली हा नुसता गाडीचा बैल.

आधी ऐकू येतं का ते पाहायचं. लोक मुलाच्या मागे थाळी बडवतात, पण बहिऱ्या मुलालाही जमिनीचा हादरा कळतो आणि ते मान वळवतं. मी मुलाच्या पाठीमागे बसून कुजबुजायची, "गूळ पाहिजे?" ज्याला ऐकू येतं ते यावर वळल्याशिवाय राहत नाही. जी वळत नसत, त्यांच्यासाठी माझ्याकडे काही नव्हतं. तसं मी त्यांच्या आयांना स्पष्ट सांगायची आणि त्या दिवशी मला जेवण जात नसे.

जी वळत, त्यांच्या घरी काय चालतं ते विचारायची. डोणगावचा एक अडत्या आपल्या मुलाला घेऊन आला होता. मुलाला घडीभर उसंत नाही. "हे काय हाये? सांग. ते काय हाये? मामाले सांग." दुकानात आलेल्या प्रत्येकासमोर त्या दोन वर्षांच्या जिवाची परीक्षा. मुलाने तोंडच मिटून घेतलं होतं, आणि मी त्याच्या बाजूने होते. मी बाटली दिली आणि पथ्य सांगितलं, की महिनाभर मुलाला एकही प्रश्न विचारायचा नाही. अडत्या माझ्याकडे बघतच राहिला. "मंग त्याच्याशी बोलू काय मी?" म्हणाला. दोन वर्षांच्या सहवासात त्याला ही अडचण पहिल्यांदाच आली होती. मी म्हटलं, "दुकानात काय चाललंय ते सांगा. पोतं आलं, पोतं उतरलं." पुढे ते मूल 'पोतं' या शब्दाने बोलायला लागलं आणि बापाला ते फारसं आवडलं नाही.

आता त्या घराची गोष्ट. आबाजी म्हणजे गावातले मोठे जमीनदार. बायको वारलेली, मुलगा दिवस उगवला की शेतावर, घरात सून सुभद्रा आणि तीन वर्षांचा नातू दिगू. आबाजी स्वतः कमी बोलणारे. ओसरीवर तक्क्याला टेकून बसले की सगळं घर आपोआप हळू चालायचं. त्यांनी मला बोलावलं ते सल्ल्यासाठी नव्हे. "दसऱ्याले दोरेवाला येऊन राह्यला," ते म्हणाले. "पोराच्या जिभीचा दोरा कापाचा हाये. तुमी फक्त इथं बसा. रक्त थांबवाचं औषध संग आना."

मला गंगूचं तोंड आठवलं. दसऱ्याला दोन महिने होते. म्हटलं, "आधी मला मूल तर बघू द्या."

दिगू सुदृढ होता, ऐकू उत्तम येत होतं. गुळाच्या नावाने तर तो माझ्या मांडीवर येऊन बसला. पडद्यातही काही दोष नव्हता. मी ओसरीच्या कडेला बसून राहिले. थोड्या वेळाने आतून स्वयंपाकघराच्या दाराची कडी वाजली, दोनदा. आबाजी उठले आणि हात धुवायला गेले, म्हणजे पान वाढलं होतं. जेवताना कडी एकदा वाजली. त्यांनी मान हलवली, म्हणजे भाकरी नको. सगळं जेवण असं पार पडलं. मग दिगूला तहान लागली. तो दुडूदुडू दाराशी गेला, टाचा उंचावून त्याने कडी वाजवली, आणि सुभद्रा तांब्या घेऊन बाहेर आली. त्याला पाणी पाजून, एक शब्द न बोलता आत गेली.

मूल मुकं नव्हतं. घरात जी भाषा होती ती ते चोख बोलत होतं.

इथे मी घोडचूक केली. मोठ्या शोधाच्या आनंदात आबाजींना सरळ सांगितलं, की सुनेने मुलाशी बोलायला हवं, दिवसभर, मोकळ्या आवाजात. आबाजींचा चेहरा बंद झाला. "बाई, या घरात सुनेचा आवाज ओसरीवर येत नाई. माह्या मायचा आला नाई, माह्या बायकोचा आला नाई." ते हे अभिमानाने सांगत होते. आणि सासऱ्यादेखत आपल्या मुलाला खेळवणं, त्याच्याशी लाडाने बोलणं, हे तर तेव्हा कोणत्याच भल्या घरात चालत नसे. मी एका वाक्यात त्यांच्या सगळ्या घराला नावं ठेवून बसले होते. त्यांनी मला दारापर्यंत पोचवलं आणि दसऱ्याचं आमंत्रण पुन्हा दिलं.

दुसऱ्या दिवशी मी बाटली घेऊन गेले. नागपूरचं औषध आहे म्हटलं, जे खोटं होतं. साखर मात्र माझ्या घरची होती. "हे लागू पडलं तर कापायची गरज नाही," मी म्हटलं, "पण पथ्य फार कडक आहे. तुमच्यासारख्या करड्या माणसाच्या घरातच ते पाळलं जाईल." आबाजी जरा ताठ बसले.

मग मी पथ्य सांगितलं. औषध दिवसातून तीनदा, ओसरीच्या उजेडात द्यायचं. आईनेच द्यायचं. दिल्यावर मुलाला समोर जे दिसेल ते आईने सांगत राहायचं, विहिरीपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. आवाज लहान झाला की डोस वाया. त्याने काही मागितलं तर लगेच हातात द्यायचं नाही, त्याच्या तोंडाकडे बघत जरा थांबायचं. आणि लोखंडाच्या आवाजाने या औषधाचा गुण जातो, तेव्हा दाराची कडी काढून ठेवायची. शेवटी म्हटलं, "हे सगळं नीट होतं की नाही, ते आबाजी, तुम्ही समोर बसून बघायचं."

आबाजींनी बाटली उचलून उजेडात धरली. "सुनेनंच द्याले पाह्यजे काय? आमची मोलकरीन देईन ना."

"मोलकरणीने दिलं तर उलटतं."

"आन् कडी काढली तं जेवाले कोन बलावन?"

"ते तुमचं तुम्ही बघा," मी म्हटलं. कडी त्यांनी स्वतःच्या हाताने काढली. औषधाच्या बाबतीत माणूस पक्का होता.

पहिला डोस द्यायला सुभद्रा पदर नाकापर्यंत ओढून बाहेर आली. चमचा दिला आणि उभी राहिली. ओठ हलले, पण आवाज आला नाही. मी तिला विहिरीकडे नेलं. ती देऊळगाव राजाकडची. तिची बोली जालन्याच्या बाजूला झुकलेली. "काय बोलू व बाई? मला सुचतच नाही," ती म्हणाली. "इथं आल्यापासून बोललेच नाही मी कुणाशी."

"माहेरी?"

"माहेरी बापासंगं बाजारात माळवं घेऊन बसायची मी. मेथी, वांगे. माझा आवाज पार बालाजीच्या देवळापर्यंत जायचा." हे सांगताना तिला हसू आलं. मी तिला पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

"मग दिगूला वांगी विका," मी म्हटलं.

तिने ते शब्दशः घेतलं. आठ दिवसांनी मी गेले तर ओसरीवर सूप मांडलेलं, समोर दिगू, आणि सुभद्रा म्हणत होती, "घ्या ताजे वांगे! हे बघा काटेरी, हे बघा मऊ. दिगूशेट, किती देऊ?" आबाजी तक्क्याला टेकून, डोळे मिटून, पथ्यावर लक्ष ठेवून होते. डोस संपला तरी त्यांनी थांब म्हटलं नाही.

महिना गेला. दिगू आईच्या तोंडाकडे टक लावून बघायला लागला, हसायला लागला, कडी नाही म्हणून आईचा पदर ओढायला लागला. पण शब्द नाही. दीड महिना गेला. मी बाटल्या भरत होते आणि मनातून घाबरले होते. तोवर माझ्याकडे आलेली बरीच मुलं बोलायला लागली होती, पण मुलं काही तारीख पाहून बोलत नाहीत. आणि इथे तारीख ठरलेली होती.

दसऱ्याच्या दिवशी दुपारी आबाजींचा निरोप आला. मी पिशवी घेऊन गेले. दोरेवाला ओसरीवर बसला होता. दिगूच्या बापाने मुलाला मांडीवर घट्ट धरलं होतं. "तुमचं औषध झालं बाई," आबाजी म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. दोन महिने दिले, ते संपले, इतकंच. मी म्हटलं, अजून एक महिना द्या. गंगूचं सांगितलं. दोरेवाला म्हणाला, त्या पोरीचं नशीब. त्याने पातं धोतराला पुसलं आणि दिगूची हनुवटी धरली.

"हात काढा."

आवाज विहिरीपर्यंत नक्की गेला असेल. सुभद्रा दारात उभी होती. पदर डोक्यावर होता, पण तोंड उघडं होतं. "माझं लेकरू आहे ते. त्याला पातं लावाल तर मी या घरात पाणी पिणार नाही. मामाजी, त्याला सांगा हात काढायला."

सासऱ्याला उद्देशून ती बोललेलं हे पहिलं वाक्य. नवरा तिच्याकडे असा पाहत होता, की जणू कोणी परकी बाई घरात शिरली. मला वाटलं आता आबाजी उठतील आणि मग काय होईल ते सांगता येत नाही. आबाजी उठले. दोरेवाल्याच्या हातावर त्यांनी नारळ ठेवला. "जा गा तू," म्हणाले. "पोराची माय नाई म्हनते." मग आत निघून गेले. त्या दिवशी ते जेवले नाहीत, असं नंतर कळलं.

दिगू त्यानंतर महिना-सव्वा महिन्याने बोलला. पहिला शब्द कोणता यावर त्या घरात एकमत नाही. एकदा सुरू झाल्यावर मात्र धो धो, आणि सगळी बोली आईची. "बोलते, पन देऊयगावचं बोलते," अशी आबाजींनी माझ्याकडे तक्रार केली. आजच्या जाणकारांना विचारलं तर ते म्हणतील, हे मूल तसंही बोललंच असतं. म्हणू देत. मीही ते नाकारत नाही. पण जीभ शाबूत असल्यामुळे बोललं.

माझ्या दृष्टीने प्रकरण मिटलं होतं. बाटली बंद झाली. संक्रांतीच्या वाणाला त्या घरी गेले तर दाराला कडी पुन्हा लावलेली. सुभद्राने वाण दिलं, हळद-कुंकू लावलं आणि हळूच म्हणाली, "औषध संपलं बाई." डोळे जमिनीकडे. मुलगा बोलायला लागल्यावर ओसरीवर येऊन बोलायला तिला निमित्तच उरलं नव्हतं. कोणी गप्प बस म्हटलं नव्हतं. तसं कोणाला म्हणावंच लागत नाही. मी तशीच परत आले. मूल वाचवलं म्हणून किती खूश होते मी, आणि ती बाई माझ्या ध्यानातही नव्हती. याची मला लाज वाटली.

पुढच्या आठवड्यात आबाजी स्वतः दवाखान्यात आले. एवढा मोठा माणूस रांगेत बसला, नंबर आल्यावर माझ्या टेबलाशी आला आणि उपरण्यातून रिकामी बाटली काढून समोर ठेवली.

"भरून द्या."

"आबाजी, दिगू तर बोलतो ना आता?"

"त्याले नाई पाह्यजे."

मी वाट पाहिली. मुलांच्या तोंडाकडे बघत थांबायची सवय होती, ती उपयोगी पडली. आबाजी खिडकीतून बाहेर बघत बोलले. "घरवालीले जाऊन बारा वर्सं झाली. तिचा आवाज कसा होता, मले याद नाई. ऐकलाच नाई तं याद काय राहीन." मग बाटली माझ्याकडे सरकवली. "मी सुनेले बोल म्हनू शकत नाई. माह्या तोंडातून ते निंघत नाई. बाटली घरात असली की ते बोलते."

मी बाटली धुतली आणि भरली. नवी पट्टी कातरून लावली. चिठ्ठीवर लिहिलं: दिवसातून तीनदा, आईने, ओसरीवर, मोठ्याने. मग विचारलं, "किती दिवसांचं लिहू?"

आबाजींनी बाटली उपरण्यात गुंडाळली.

"मी हावो तोवरचं लेहा," ते म्हणाले.